तीन वर्षांची बालवाडी, वीस वर्षांचं कर्ज

डिसेंबर २०१३ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे नायब राज्यपाल नजीब जंग यांनी खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशासाठी गुणपद्धत ठरवून दिली. शंभरपैकी सत्तर गुण शाळेच्या परिसरात राहणाऱ्यांना, वीस गुण भावंड आधीच त्या शाळेत असेल तर, पाच गुण आई किंवा वडील तिथले माजी विद्यार्थी असतील तर, आणि उरलेले पाच बदली होऊन दिल्लीत आलेल्यांना. बदलीचे गुण थोड्याच दिवसांत रद्द झाले. सत्तर मात्र तसेच राहिले. तीन वर्षांच्या मुलाची परीक्षा नाही, मुलाखत नाही. निकाल लागणार तो आईवडिलांच्या वीजबिलावरचा पत्ता पाहून.

परिसर म्हणजे किती, यावरही ओढाताण झाली. आधी सहा किलोमीटर ठरले, मग आठ. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही सगळी नियमावलीच रद्द केली. शाळेची स्वायत्तता आणि शाळा निवडण्याचा पालकांचा हक्क यांच्या आड ती येते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. जानेवारी २०१७ मध्ये सरकारने तोच प्रयत्न पुन्हा केला, या वेळी फक्त सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या २९८ शाळांपुरता. महिन्याभरात त्यालाही स्थगिती मिळाली. आता दिल्लीतल्या शाळा आपापले निकष स्वतः ठरवतात, तरी बहुतेक शाळांच्या तक्त्यात अंतराचे गुणच सर्वांत जास्त असतात. तिथे घर शोधणारं तरुण जोडपं नकाशावर शाळेभोवती वर्तुळ काढून मगच दलालाला फोन करतं, आणि त्यात वेडेपणा काहीच नाही. पत्त्यालाच गुण आहेत म्हटल्यावर दुसरं करणार काय?

पुण्यात आणि मुंबईत घर घेणारी जोडपीही असंच वर्तुळ काढतात. इथे मात्र त्या वर्तुळाला कोणी गुण देत नाही.

महाराष्ट्रात पत्त्यावरून जागा ठरते ती एकाच ठिकाणी: शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमध्ये. तिथे पालकाला ऑनलाइन अर्जात घराचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागतं. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतले आधी, मग तीन किलोमीटरपर्यंतचे, त्यानंतर बाकीचे. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो, आणि खोटे पत्ते दिल्याबद्दल नागपुरात पालकांवर गुन्हेही दाखल झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण या योजनेत दुर्बल घटकांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. नवा फ्लॅट विकत घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा त्या किलोमीटरशी काही संबंध येत नाही. ज्यांच्या पत्त्याला खरी किंमत आहे ते भाड्याच्या खोलीत राहतात. बालवाडीच्या नावाने ज्यांना फ्लॅट विकला जातो, त्यांना त्या पत्त्याचा कायद्याने काहीच लाभ नाही.

पत्त्याची किंमत सगळ्यात स्वच्छ दिसते ती अमेरिकेत. बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या या बाजूची आणि त्या बाजूची घरं ताडून सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्राथमिक शाळेतल्या परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील, तर घराला लोक सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यात निघालं. रस्ता तोच, झाडं तीच, फरक फक्त हद्दीचा.

बालवाडीच्या बाबतीत याहून मजेदार उदाहरण न्यू जर्सीचं आहे, आणि ते तिथल्या मराठी घरांना चांगलंच ठाऊक असतं. १९९८ मध्ये ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या गरीब शहरांमध्ये तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी दर्जेदार, मोफत बालवाडी देण्याचा आदेश दिला. वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं, पदवीधर शिक्षक आणि सोबत एक मदतनीस. अशा ३१ नगरांत जर्सी सिटीही आहे. पुढे तिच्या नदीकाठी काचेचे मनोरे उभे राहिले, मॅनहॅटनला रोज ये-जा करणारी संगणकवाली मंडळी त्यांत राहायला आली, आणि गरिबांच्या शहरासाठी मिळालेली बालवाडी त्यांच्याही मुलांना मिळू लागली. उपनगरातल्या एडिसनच्या शाळांचं नाव मोठं, पण ते गाव त्या ३१ मध्ये नव्हतं. म्हणून कित्येक कुटुंबं मूल पाच वर्षांचं होईपर्यंत जर्सी सिटीत भाड्याने राहतात आणि मग उपनगरात घर घेतात. बालवाडीसाठी भाडं आणि शाळेसाठी खरेदी, असा हा हिशेब. आपल्याकडे जे एकाच सहीत उरकलं जातं, ते त्यांनी दोन भागांत वाटून घेतलं आहे.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक मुलाला बालसंगोपन केंद्रात जागेचा कायदेशीर हक्क आहे. जागा तरीही अपुऱ्या पडतात. लाइपझिगच्या तीन आयांनी बुडालेल्या पगाराची भरपाई मागितली, आणि अशी भरपाई मागता येते, असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं.

भारतात असा हक्क नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा वयोगटासाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढंच तो म्हणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. कागदावर ही मोठीच गोष्ट. पण खासगी बालवाड्या इतकी वर्षं दुकानाच्या परवान्यावर चालत आल्या, आणि महाराष्ट्रात त्यांनी सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी असं शिक्षण विभागाने सांगितलं ते थेट २०२५ मध्ये.

तर मग इथला पत्ता नेमकं काय देतो? मिनिटं देतो. जागा देत नाही.

हा फरक समजून घ्यायचा तर आधी बालवाड्यांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक, मोठ्या शाळेला जोडलेला पूर्वप्राथमिक विभाग. तिथे नर्सरीत किंवा ज्युनिअर केजीत शिरलेलं मूल सहसा दहावीपर्यंत टिकतं, त्यामुळे पहिलीच्या वेळी रिकाम्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. खरी रांग लागते ती इथे, आणि तीही मूल अडीच वर्षांचं असताना, कारण महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होत असतील तर त्या वर्षी नर्सरीत घेता येतं. दुसरा प्रकार म्हणजे स्वतंत्र बालवाडी: बंगल्याच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या दुकानगाळ्यात, साखळी कंपनीच्या फलकाखाली. ती जवळ असते, तीन तासांची असते, आणि सीनिअर केजीनंतर मुलाला नमस्कार करून निरोप देते. घर घेताना जाहिरातीत दिसते ती दुसरी. पालकांच्या मनात असते ती पहिली. विक्री कार्यालयातली मुलगी हा फरक सांगत नाही, आणि विचारल्याशिवाय तिने तो का सांगावा?

जोडलेल्या विभागासाठी घराचं ठिकाण फारसं महत्त्वाचं नाही. शाळेची बस वाकडहून बाणेरला जाते, घोडबंदर रोडवरून ठाण्यात जाते, खारघरहून बेलापूरला जाते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते जमतंही. तीन वर्षांच्या मुलाला नाही. तीन तासांच्या बालवाडीसाठी जायला चाळीस आणि यायला चाळीस मिनिटं व्हॅनमध्ये, हा व्यवहार वाईटच. त्या वयात शाळेची कीर्ती किती यापेक्षा फुटपाथ आहे का, वाटेत सिग्नल नसलेला चौक किती रुंद आहे आणि जून-जुलैत तिथे पाणी तुंबतं का, हे प्रश्न मोठे. नव्या उपनगरांत बालवाडी सरळ रेषेत चारशे मीटरवर असते आणि मधे सहापदरी रस्ता असतो. नकाशावरचं वर्तुळ तो रस्ता मोजत नाही.

आणि बालवाडीपेक्षाही जड प्रश्न आहे पाळणाघराचा. दोघंही नोकरी करत असतील तर सकाळी नऊ ते बारा चालणारी बालवाडी दिवसातले तीनच तास सोडवते. बारानंतर मुलाला आणायचं कोणी, जेवू घालायचं कोणी, झोपवायचं कोणी? जुन्या वस्तीत यासाठी एखाद्या काकू असतात. दोन खोल्यांत सहा-सात मुलं सांभाळणाऱ्या या काकूंची पाटी कुठेच नसते. पण दुपारी बालवाडीच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बायकांना विचारलं की पाच मिनिटांत पत्ता मिळतो. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही दिली. हिंजवडीच्या मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. पण मग घर निवडण्याचं गणितच उलटतं: मूल कार्यालयाच्या पाळणाघरात ठेवायचं तर बालवाडी घराजवळ असून उपयोग नाही, ती कार्यालयाजवळ हवी. दुपारी बाराला घराजवळच्या बालवाडीतून मुलाला हिंजवडीत कोण नेऊन सोडणार? घर एका टोकाला, बालवाडी मधे आणि पाळणाघर दुसऱ्या टोकाला असा त्रिकोण झाला, की पहिल्या सहा महिन्यांत दोघांपैकी एकाची नोकरी सुटते. कोणाची, हे लिहायची गरज नाही.

नव्या गृहसंकुलांची आणखी एक खोड आहे. ताबा एकाच वर्षी मिळतो, त्यामुळे राहायला येणारी कुटुंबंही साधारण एकाच वयाची असतात. लग्नं झालेली, पहिलं मूल पोटात किंवा कडेवर. दोन-तीन वर्षांनी शेकडो मुलं एकदम बालवाडीच्या वयात येतात. तेव्हा रांगा लागतात, गाळ्यांचे भाव चढतात, एका चौकात चार बालवाड्या उघडतात. आठ-दहा वर्षांनी तीच मुलं क्लासला जाऊ लागतात आणि त्या गाळ्यांत केशकर्तनालय आणि दवाखाना येतो. टोकियोच्या कोतो भागात उंच इमारतींमुळे शाळांवर इतका भार आला, की तिथल्या प्रशासनाने या शतकाच्या सुरुवातीला काही ठिकाणी नव्या इमारतींनाच आवर घातला. जपानमध्ये पाळणाघराच्या जागेसाठी ताटकळणाऱ्या मुलांची सरकारी मोजणी दर एप्रिलला होते. २०१७ मध्ये ती संख्या २६,०८१ होती, २०२४ मध्ये २,५६७. जागा वाढल्या हे खरं, पण मुलांची संख्याही घटली. मधल्या काळात, अमुक वॉर्डात जागा मिळते म्हणून तिकडे घर हलवणारी कुटुंबं जपानमध्ये होतीच. नंतर घर तिथेच राहिलं आणि रांग ओसरली.

आपल्याकडे मोजणी होत नाही. पालिकेच्या वॉर्डात तीन ते सहा वयाची किती मुलं आहेत आणि त्यांच्यासाठी किती जागा आहेत, हे घर घेणाऱ्याला कुठल्याही खिडकीवर कळत नाही. म्हणून तो जाहिरातीवर विसंबतो.

पूर्वी वस्ती आणि शाळा जोडीने वाढायच्या. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, शिवाजी पार्कचं बालमोहन १९४० चं. या शाळा आणि त्यांच्या भोवतालची वस्ती एकमेकांना ओळखत मोठ्या झाल्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरहून मुंबईत आल्यावर त्यांनी १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं, मध्यमवर्गाच्या दारातच. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबत आल्या, आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर त्यांनी मुलांची वाट पाहत बसण्याऐवजी वर्गच मुलांच्या अंगणात नेला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, तिच्यामागे अशा प्रयोगांचीच पूर्वपीठिका होती. आज मुंबईच्या ज्या भागात चौरस फुटाचा भाव सर्वांत चढा, तिथे त्या योजनेतल्या अंगणवाडीला भाड्याची खोली मिळणं सर्वांत कठीण. शंभर पावलांवर अंगणवाडी असलेली टॉवरमधली कुटुंबं तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे ती सुधारावी म्हणून आग्रह धरणारंही कोणी नसतं.

महापालिकेच्या शाळांकडे मात्र गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गाची नजर वळू लागली आहे. बृहन्मुंबई महापालिकेने २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसई आणि माटुंग्याच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई अभ्यासक्रम आणला, आणि नंतर अशा शाळा वाढवल्या. अर्ज जागांपेक्षा जास्त आले आणि सोडत काढावी लागली. खासगी बालवाडीची फी परवडणाऱ्यांनीही अर्ज भरले, यातच सगळं आलं. घर शोधताना अशी शाळा कुठे आहे हे पाहणारे लोक अजून थोडे आहेत, पण ते शहाणे आहेत: पालिकेची शाळा गाळा रिकामा करून जात नाही.

खासगी बालवाडी जाते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पूर्वप्राथमिक वर्ग बंद झाले ते जवळजवळ दोन वर्षं. भाड्याच्या जागेत चालणाऱ्या कित्येक बालवाड्या त्यानंतर उघडल्याच नाहीत. ‘संकुलातच प्री-स्कूल’ असं वाचून ज्यांनी घरं घेतली, त्यांच्या नशिबी रिकामा गाळा आणि भिंतीवर उरलेला जिराफ आला. बिल्डरने शब्द मोडला असंही म्हणता येत नव्हतं, कारण त्याने तो बहुतेक वेळा दिलेलाच नव्हता. माहितीपत्रकात फक्त ‘प्रस्तावित’ एवढंच होतं. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, आणि सुविधांचा तपशील नि त्या कधी मिळणार याची तारीख विक्री करारात लिहावी, असं महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने २०२४ मध्ये बजावलं आहे. म्हणजे बघायचं ते माहितीपत्रक नाही, करारातली सुविधांची यादी. आणि महारेराच्या संकेतस्थळावरचा मंजूर नकाशा: त्यात बालवाडी म्हणून दाखवलेली जागा आहे, की नुसती ‘दुकान क्रमांक ७’?

आता पैसे. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. खरेदी स्त्रीच्या नावावर असेल तर शुल्क एक टक्का कमी. ६४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास बसतो. तशाच फ्लॅटचं भाडं किमतीच्या तीन टक्के धरलं तर महिना वीस हजार. बालवाडीसाठी घर घेऊन तीन वर्षांनी शाळेसाठी दुसरीकडे जायचं, तर शुल्क दोनदा भरायचं आणि पहिल्या तीन वर्षांच्या हप्त्यांतला बराचसा भाग व्याजातच गेलेला असतो. जर्सी सिटीवाल्यांसारखं आधी भाड्याने राहून, मूल पाच वर्षांचं झाल्यावर खरेदी करणं या आकड्यांत सरळ स्वस्त पडतं. पण आपल्याकडे मूल झालं की ‘आता स्वतःचं घर हवंच’ असा सासर-माहेर दोन्हीकडून रेटा असतो, आणि अकरा महिन्यांनी घरमालक काय म्हणेल याची टांगती तलवारही असते. म्हणून लोक विकत घेतात. घ्यावं, फक्त तीन वर्षांच्या सोयीची किंमत वीस वर्षांच्या हप्त्यात मोजू नये. एका नामांकित बालवाडीच्या फाटकासमोरचा फ्लॅट महाग मिळत असेल आणि अर्धा किलोमीटर आत, जिथे तीन-चार साध्या बालवाड्या, एक पाळणाघरवाल्या काकू आणि चालता येईल असा रस्ता आहे तिथे स्वस्त मिळत असेल, तर दुसरा घ्यावा. एक बंद पडली तर दुसरी असते.

मराठी घरांत बालवाडीचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा सोडवते ती आजी. डोंबिवलीत, कोथरूडमध्ये, नाशिकच्या कॉलेज रोडवर तरुण जोडप्यांची घरखरेदी आईवडिलांच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांत व्हावी म्हणून किती धडपड चालते, हे कुठलाही दलाल सांगेल. काही जण एका मोठ्या तीन बेडरूमच्या घराऐवजी त्याच सोसायटीत दोन छोटे फ्लॅट घेतात. मूल बारा वाजता बालवाडीतून आजीकडे, संध्याकाळी सातला आपल्या घरी. बालवाडीची सोय पाहून केलेल्या खरेदीतली ही बहुधा सर्वांत टिकाऊ खरेदी, कारण ती शाळेच्या फलकावर अवलंबून नाही. मात्र त्यातही वीस वर्षांचा हिशेब येतोच. नातू सहा वर्षांचा होईल तेव्हा आजी सत्तरीकडे झुकलेली असेल. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, रिक्षा फाटकाच्या आत येते का आणि दवाखाना किती दूर आहे, हे प्रश्न नर्सरीच्या प्रवेशअर्जाबरोबरच विचारावे लागतात. टोकन देण्याआधी एकदा दुपारी बाराच्या उन्हात तिला सोबत घेऊन त्या बालवाडीपर्यंत चालत जाऊन यावं. रस्ता कसा आहे ते तीच जास्त नेमकं सांगेल.